पिवळी बाटली

सावोनलिन्नाच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
रेइनोच्या दंडात थेंब थेंब उतरतंय
पिवळं औषध.
रंग थेट आमच्या पोराच्या जुन्या रेनकोटाचा.
नोव्हेंबर आहे. तीनलाच दिवे लागलेत,
तळं मात्र अजून गोठायचं नाव घेत नाही.

पायांवर मोज्यांचे वळ उठले होते,
तीन उशा रचल्या तरी श्वास पुरत नव्हता,
आणि हा म्हणत होता,
काही नाही गं केर्त्तू, खारे मासे जास्त झाले.

गावाची नाव चौदा वल्ह्यांची.
एकतीस उन्हाळे हा तिचा तांडेल,
मागे सुकाणूवर.
"आणि... ओढ!"
एवढंच म्हणायचा,
की चौदा पाठी एकदम वाकायच्या.

डॉक्टरीणबाई तरुण आहे. मला कमी ऐकू येतं
म्हणून समोर स्टूल ओढून बसली,
आणि पथ्याच्या कागदामागे चित्र काढलं.
ही हृदयाच्या स्नायूतली एक पेशी.
हा जाड धागा. त्याला डोकी फुटलीयेत,
वल्ह्यांसारखी. ती या बारीक धाग्याला
धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात.
पण बारीक धाग्यावर पहारेकरी बसलाय, ट्रोपोनिन.
प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम येऊन त्याला हाक देतं,
तो वाट मोकळी करतो,
तेव्हा कुठे वल्ही पाण्यात पडतात.

"मग कॅल्शियम वाढवा की," मी म्हटलं.
"वाढवता येतं. जुनी औषधं तेच करतात.
पेशी जोरात ओढते,
पण दमते, कधी तालच सोडते.
हे औषध हाक मोठी करत नाही.
ट्रोपोनिनला जाऊन बिलगतं,
मग आहे तीच हाक त्याला नीट ऐकू येते."

माझा हात आपोआप कानामागच्या यंत्राकडे गेला.
यंत्र नव्हतं तेव्हा हा घरभर ओरडायचा माझ्यावर.
ओरडणं पोचायचं.
शब्द नाही.

आम्हाला वाटलं होतं हा झोपलाय.
डोळे न उघडताच म्हणाला,
"आणि वल्हं वर कधी?"
बाई गोंधळली. मी समजावलं:
ओढणारे पुष्कळ मिळतात,
वेळेवर वल्हं उचलत नाही त्याच्यापायी नाव अडते.
ती हसली. पहिल्यांदाच.
"कॅल्शियम ओसरलं की याचीही पकड सुटते, आजोबा.
हृदयाला सैल पडायला सवड मिळते."
त्यानं हं केलं,
नवा वल्हेकरी पसंत पडला की करायचा तसं.

बाटली पहाटे चारला संपली.
परिचारिकेनं नळी गुंडाळली, कापूस दाबला.
मला वाटलं, झालं.
पण म्हणे याच्या आतड्यातले जंतू
औषधाला मोडून शरीराच्या हवाली करतात,
तिथं त्याचं दुसरंच काही घडतं,
आणि ते मागे राहून काम करतं, आठवडाभर.
जन्मभर राईची भाकरी घालून पोसलेले जंतू!
फुकट गेली नाही म्हणायची.

बरं होणार नाही. तेही तिनं सांगितलं,
समोर बसून, तितक्याच हळू.
दोन आठवड्यांनी पुन्हा बाटली,
मग पुन्हा.
वल्ही जुनी आहेत. काही तर मोडलेलीच.

घरी आलो. ओसरीच्या चार पायऱ्या.
तिसरीवर थांबला. माझ्या पोटात गोळा.
धाप नव्हती लागली.
काठावर पालथ्या घातलेल्या नावेकडे बघत होता.
अगदी हळू म्हणाला,
"मे महिन्यात डांबर लावायला हवं हिला."

ऐकलं होतं मी, अक्षर न् अक्षर.
तरी म्हटलं,
"काय?"